एवढ्यात निघालात?

पाक हार्जितोंच्या वेबसाइटवर माणसं येत नव्हती असं नाही. यायची की! रोज यायची, ढिगाने यायची. यायची, इकडेतिकडे बघायची आणि आठ-दहा सेकंदांत चालती व्हायची. आता आठ सेकंदांत माणूस काय बघणार? आठ सेकंदांत धड चपलासुद्धा काढून होत नाहीत. आणि दुःख असं की हे सगळं पाक हार्जितोंना कळायचं, कारण वेबसाइट चालवणारी परदेशातली कंपनी रोज सकाळी न चुकता हिशोब पाठवायची: एवढे आले, एवढे गेले, एवढे राहिले. पहिल्या दोन आकड्यांत कधी फरक नसायचा. आणि तिसरा आकडा इतका गोल होता की त्यातून पलीकडचं दिसायचं.

तशी वेबसाइट साधीच. पाक हार्जितोंनी सगळी नोकरी इंडोनेशियात, जावा बेटावरच्या वोनोसोबो गावच्या बस अड्ड्यावर माइकसमोर काढली होती. अमुक गाडी तमुक फलाटावरून सुटत आहे, हे त्यांच्या आवाजात ऐकलं की गाडी चुकलेल्या माणसालाही आपली गाडी मोठ्या इतमामाने चुकली असं वाटायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, आता वेळा सांगायच्या नाहीत, माणसं सांगायची. भलत्याच गावी उतरून तिथेच लग्न जमवलेला विमा एजंट, बकरीचं तिकीट काढा म्हटल्यावर बकरीला मांडीवर घेऊन बसलेली आजी, असे एकेक नमुने त्यांनी पाहून ठेवले होते. दर शुक्रवारी ईमेलने एक खरी गोष्ट. पत्राचं नाव ‘वोनोसोबोहून सुटलेल्या गाड्या’. आणि फुकट! आपला ईमेलचा पत्ता लिहायचा, बटण दाबायचं, संपलं.

“पाक, लोकांना गाडीची वेळ हवी असते हो,” शेजारच्या बू येकती म्हणाल्या (पाक म्हणजे काका, बू म्हणजे काकू). बू येकती आपल्या ओट्यावर तेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, गरमागरम भजी तळून विकायच्या. सल्ला मात्र विकत नसत, तो त्या भज्यांबरोबर तसाच द्यायच्या. “नाव वाचून येतात बिचारे. वेळा दिसत नाहीत, जातात. टाका की चार वेळा तिथे!”

“बू, जन्मभर मी वेळाच सांगितल्या. एकाने तरी कधी विचारलं का, पाक हार्जितो, तुम्ही कसे आहात म्हणून?”

“आता माइकला कोण विचारणार?” बू येकती म्हणाल्या आणि झाऱ्याने भजी उलटली.

पाक हार्जितोंनी भजी खाल्ली, पण अपमान गिळला नाही. वेळा टाकायच्या नाहीत म्हणजे नाहीत.

हे वाचक मिळणं नुसत्या हौसेचं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण त्यात त्यांची लेक वेनिंग होती. ती बालिकपापानला, म्हणजे समुद्रापलीकडे. ईदच्या सुटीत आली तेव्हा तिनेच ही वेबसाइट करून दिली आणि जाताना बॅगेची चेन ओढता ओढता म्हणाली, “बापाक, तुम्ही आमच्याकडे चला राहायला. इथे एकटे बसून करता काय?”

“एकटा कुठला? वाचक असतील ना आता.”

“किती?”

“येतील.”

“येतील ते नका सांगू. राहतील किती ते सांगा.” वेनिंग बँकेत होती, तिला शिल्लक विचारायची सवय होती. “असं करू. सतरा ऑगस्टपर्यंत दहा वाचक झाले तर मी परत हा विषय काढणार नाही. नाही झाले तर घर भाड्याने द्यायचं आणि तुम्ही यायचं. कबूल?”

पाक हार्जितो ऐटीत म्हणाले, “दहाच?”

ही ऐट मेमध्ये होती. जुलै उजाडला तेव्हा घरात माणूस एक, खुर्च्या चार आणि वाचक शून्य, असा मामला होता. रात्रीचं जेवण ते रेडिओ लावून जेवायचे. बातम्या ऐकायच्या नसायच्या, पण बातम्या देणारी बाई ‘नमस्कार श्रोतेहो’ म्हणायची तेव्हा ते मान हलवायचे.

अशात कंपनीचं एक पत्र आलं: जाणारा पाहुणा परत वळवा! कंपनीचं म्हणणं असं, की माणूस निघायच्या बेतात असला की पडद्यावरचा त्याचा बाण वरच्या कोपऱ्यातल्या फुलीकडे सरकायला लागतो. नेमकं त्या क्षणी एक छोटी खिडकी त्याच्यासमोर उघडायची आणि त्याला थांबवायचं.

पाक हार्जितो खुर्चीतून उठलेच! म्हणजे पाहुणा चुळबुळ करायला लागला, चपलांकडे बघायला लागला, की यजमान दारात हजर. एवढं साधं! यासाठी कंपनी परदेशातली कशाला हवी? जावामधलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं.

पण कंपनीने नमुन्याला दिलेली खिडकी उघडली आणि त्यांचा चेहरा पडला. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘थांबा!!! अशी संधी पुन्हा नाही!!!’ खाली दोन बटणं. एक म्हणत होतं, ‘हो, मला हवं.’ दुसरं म्हणत होतं, ‘नको, मला अडाणीच राहायचंय.’

त्यांनी चष्मा पुसला, परत वाचलं. तेच होतं. लॅपटॉप उचलून ते थेट बू येकतींच्या ओट्यावर.

“बघा. घरातून जाणाऱ्या पाहुण्याला अडाणी म्हणायचं! आणि ओरडायचं!”

“अगोबाई,” बू येकती म्हणाल्या, “यांच्या आयांनी यांना काही शिकवलं नाही वाटतं. पाहुण्याला कसं थांबवतात ते तुम्हाला मी सांगायला हवं का, पाक? तीनदा. तीनदा थांबवायचं. एकदा ‘एवढ्यात निघालात?’ मग ‘चहा तरी घ्या.’ मग ‘आता जेवूनच जा.’ तीनदा थांबवलं नाही तर पाहुण्याला वाटतं, यांना मी जायलाच हवा होतो.”

हे शंभर टक्के खरं होतं. खुद्द पाक हार्जितो कुणाकडून निघताना तीनदा थांबवले जात आणि तीनदा नको म्हणत. चौथ्यांदा थांबवलं असतं तर त्यांची पंचाईत झाली असती. त्यांनी लगेच तीन खिडक्या केल्या, एकामागून एक. फुली दाबली की दुसरी, ती दाबली की तिसरी, तिच्यावर वाफाळत्या चहाच्या पेल्याचं चित्रसुद्धा. शिष्टाचार कसा चोख!

दुसऱ्या दिवशी पहिलं ईमेल आलं. पहिलंवहिलं! पाक हार्जितोंनी केस विंचरून ते उघडलं. समारांगचे एक गृहस्थ लिहीत होते: ‘महोदय, मला फक्त सकाळच्या गाडीची वेळ हवी होती. तुमची जेवायची खिडकी काही केल्या बंद होईना. शेवटी कॉम्प्युटरच बंद केला. गाडीही गेली. कळावे.’

तोवर गल्लीत मात्र बातमी पसरली होती (बू येकतींनी तेल तापवलं की बातमीही तापते). संध्याकाळी गल्लीप्रमुख पाक दार्सोनो दारात उभे. हातात टॉर्च, खिशाला पेन, चेहऱ्यावर सरकार.

“पाक हार्जितो, ऐकतोय ते खरं का? महिन्याभरात तुमच्याकडे चारशे पाहुणे आले?”

“चारशेच्या वर,” पाक हार्जितो जरा फुगून म्हणाले.

“आणि माझ्याकडे एकाचीही वर्दी नाही! गल्लीच्या तोंडाशी पाटी आहे की नाही? पाहुणा मुक्कामाला राहिला तर चोवीस तासांत गल्लीप्रमुखाला कळवणे.”

“राहत नाहीत हो ते. आठ सेकंद थांबतात.”

पाक दार्सोनोंनी विचार केला. “आठ सेकंद म्हणजे मुक्काम धरता येत नाही,” ते नाइलाजाने म्हणाले. “पण समजा एखादा राहिला तर?”

“एखादा राहिला,” पाक हार्जितो म्हणाले, “तर मी त्याला वाजतगाजत तुमच्याकडे घेऊन येईन.”

पाक दार्सोनोंनी टॉर्च एकदा लावून विझवला आणि ‘बरं, येतो’ म्हणाले. पाक हार्जितो घाईघाईने म्हणाले, “एवढ्यात? चहा तरी घ्या.” पण पाक दार्सोनोंना अजून तीन घरं करायची होती.

त्या रात्री जेवताना त्यांना उमगलं की चूक बटणांत आहे. खिडकी एकच ठेवावी, पण बटण असं हवं की दाबणाऱ्याची मान खाली जाऊ नये. तोंडावर ‘नको’ म्हणायला लावणं हा कुठला सभ्यपणा? त्यांनी नवी खिडकी केली. वर लिहिलं: ‘एवढ्यात निघालात? बरं, सांभाळून जा. आपला पत्ता ठेवून जा आणि घरी पोचलात की कळवा, म्हणजे आम्हाला घोर नाही.’ खाली पत्त्याची जागा आणि दोन बटणं. पहिलं, ‘हो.’ दुसरं, ‘हो, पुढच्या वेळी.’

आणि काय चमत्कार! तिसऱ्या आकड्याचं भोक बुजलं. पहिल्या दिवशी चार, मग अकरा, आठवडा संपता संपता साठच्या वर! यजमानाने मागितला म्हणून माणसं पत्ता ठेवून जायला लागली. पाक हार्जितोंनी कंपनीचा हिशोब छापून आणला आणि भिंतीवर दिनदर्शिकेशेजारी टाचला. बू येकतींकडून गल्लीभर भजी वाटली. वेनिंगला फोन लावला.

“साठ?” वेनिंग म्हणाली. “सगळे हो म्हणाले?”

“सगळेच्या सगळे.”

“बापाक, सगळे कसे हो म्हणतील?”

“चांगली माणसं आहेत, पोरी. तू बँकेत असतेस, तुला चांगली माणसं भेटत नाहीत.”

मग छातीत जरा जास्तच हवा भरून ते पाक दार्सोनोंकडे गेले. म्हणाले, घ्या वर्दी. राहिलेत. कायमचे. पाक दार्सोनो खूश झाले, पण सरकारी रीतीने, म्हणजे कपाळाला आठ्या घालून. “प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत लागेल,” ते म्हणाले. “कायमचे म्हणजे त्यांची नोंद कायमच्या रकान्यात होणार.”

आता दुसरा कुणी असता तर इथे हसला असता. पण पाक हार्जितो सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते. प्रत मागितली की द्यायची, हे त्यांच्या रक्तात होतं. शुक्रवारी त्यांनी पहिलं पत्र पाठवलं. बकरीवाल्या आजीची गोष्ट इतकी सुरेख उतरली होती म्हणून सांगू! स्वतःच वाचून ते दोनदा हसले. आणि गोष्टीच्या शेवटी अदबीने लिहिलं: ‘तरी आपल्या ओळखपत्राची दोन्ही बाजूंची प्रत सत्वर पाठवावी, ही विनंती.’

बकरीपर्यंत कुणी पोचलंच नाही. उत्तरं धडाधड आली. ‘मी तुमचं काय घोडं मारलंय?’ ‘माझ्या काकूला असंच लुबाडलं होतं.’ ‘मी पोलिसांत आहे, माझंच ओळखपत्र मागतोस?’ आणि एका बाईंनी फार सौम्यपणे लिहिलं: ‘पाक, मी पुढच्या वेळी म्हटलं होतं ना?’

दुपारी कंपनीने वेबसाइटला कुलूप घातलं. वाचकांना न विचारता पत्रं पाठवल्याची आणि फसवणुकीची तक्रार. खुलासा करा.

न विचारता! पाक हार्जितोंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कोट घालून ते खुलासा करायला बसले. पलीकडे कंपनीची कुणी मार्था नावाची बाई होती आणि पडद्यावर ओळी उमटत होत्या.

‘सर, तुमच्या दोन्ही बटणांवर हो लिहिलंय,’ मार्थाने लिहिलं. ‘नाही म्हणायचं बटण कुठे आहे?’

‘आमच्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत,’ पाक हार्जितोंनी एका बोटाने टाइप केलं.

‘मग लोक नकार कसा देतात?’

‘हो म्हणतात.’

बिचारी बहुधा वरिष्ठांना विचारायला गेली असावी. मग आलं, ‘सर, तो नकार आहे हे समोरच्याला कळतं कसं?’

‘कळतंच,’ त्यांनी लिहिलं. ‘आमच्यात लहान पोरालाही कळतं.’

पाठवायचं बटण दाबलं आणि त्यांचं बोट तिथेच राहिलं.

कळतंच की. ‘हो, पुढच्या वेळी’ म्हणजे काय, हे त्यांना कळत नव्हतं? अख्ख्या जन्मात त्यांनी स्वतः हजारदा तसं म्हटलं होतं. लग्नाच्या आमंत्रणाला, भिशीला, पाक दार्सोनोंच्या प्रत्येक सूचनेला. समोर साठ माणसं उभी राहून हात जोडून नको म्हणत होती, आणि गल्लीत भजी वाटताना त्यांना ते ऐकू आलं नव्हतं. ऐकायचं नव्हतं, एवढंच.

मार्था चांगली होती. तिने कुलूप काढलं. पण यादी पुसावी लागेल म्हणाली, आणि दुसऱ्या बटणावर ‘नको’ असं स्वच्छ लिहावं लागेल. त्यांनी लिहिलं. ‘नको.’ लिहिताना कुणाच्या तरी घरात चपला घालून शिरल्यासारखं वाटलं. वरचा मजकूर मात्र त्यांनी तसाच ठेवला. मार्थाने विचारलं, नको म्हणून जाणाऱ्याला पोचल्याचं कळवा कशाला सांगायचं? त्यांनी टाइप केलं, ‘नको म्हटलं तरी घरी जायचंच असतं ना त्याला?’ मार्थाने यावर काही हरकत घेतली नाही. तसा नियम तिच्याकडे नसावा.

पुन्हा आकडे पूर्वीसारखे झाले. आले, गेले, आणि पलीकडचं दिसणारा तो तिसरा. त्यांनी भिंतीवरचा कागद काढला. टाचण्या डबीत ठेवल्या.

मग सतरा ऑगस्ट आला, देशाचा स्वातंत्र्यदिन. गल्लीत दिवसभर स्पर्धा होत्या. पोत्यात पाय घालून पळायची, दोरीला टांगलेला पापड हात न लावता खायची. पाक दार्सोनो स्वतः पोत्यासकट पडले आणि नियम वाचून दाखवत उठले. संध्याकाळी धुकं उतरलं तरी चौकात बक्षिसांचा गलका चालूच होता. बू येकतींनी दोनदा बोलावून पाहिलं. पाक हार्जितो म्हणाले, येतो, येतो. आणि चारपैकी एका खुर्चीवर लॅपटॉपसमोर बसून राहिले. बॅग पलंगावर काढून ठेवली होती. तिच्यात अजून काही भरलं नव्हतं, फक्त एक स्वेटर. बालिकपापानला उकडतं, तिथे स्वेटर कशाला लागणार, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

फोन वाजला.

“बापाक, किती झाले?” वेनिंगने विचारलं. आवाजात बँक नव्हती, पण प्रश्न तोच होता.

साठ, म्हणता आलं असतं. तिला कुठे दिसणार होतं? पण पाक हार्जितोंनी माइकवरून कधी न आलेली गाडी आली म्हणून सांगितली नव्हती.

“एकही नाही,” ते म्हणाले. “मी हरलो, पोरी. कधी यायचं ते सांग.”

तेवढ्यात लॅपटॉपने टिंग केलं.

“थांब हं. काहीतरी आलंय.”

“काय?”

त्यांनी चष्मा वर सरकवून मोठ्याने वाचलं. ‘पाक, मी दुपारी गाडीची वेळ बघायला तुमच्या पानावर आले होते. पत्राला नको म्हटलंय, रागावू नका. मला वाचायला वेळ नसतो. मी मागेलांगला कापडाच्या दुकानात आहे, खोलीवर एकटीच असते. तुम्ही पोचलात की कळवा लिहिलं होतं. तर, पोचले.’

चौकात कुणाला तरी प्लॅस्टिकची बादली बक्षीस मिळाली, टाळ्या झाल्या.

“कोण आहे ही?” वेनिंगने विचारलं.

“माहीत नाही. नावही लिहिलेलं नाही.”

“म्हणजे वाचक नाही.”

“नाही, नाही. हिने नको म्हटलंय. स्वच्छ.” ते पुन्हा पडद्याकडे बघत होते. “हिला कुणीतरी उत्तर द्यायला हवं, नाही का? पोचले म्हणाली आणि पलीकडून कुणी हूं सुद्धा केलं नाही, असं नको व्हायला.”

“मग द्या.”

“देतो. तू ठेव फोन. मला एका बोटाने वेळ लागतो, तुझं बिल वाढेल. सामानाचं उद्या बोलू.”

“सामान राहू दे, बापाक,” वेनिंग म्हणाली. मग जरा थांबून, “राहू दे म्हटलं ना. आधी तिला लिहा. काय लिहिताय?”

“लिहितो... बरं झालं. दाराला कडी लाव. जेवलीस का?”

“चांगलं आहे,” वेनिंग म्हणाली. फोनमधून तिच्या घरातला पंखा ऐकू येत होता.

पाक हार्जितोंनी एकेक अक्षर शोधून दाबलं. पाठवलं. मग दोघं वाट बघत बसली. चौकातला लाउडस्पीकर बंद झाला, खुर्च्या उचलल्याचे आवाज आले, बू येकतींनी कढई घासायला घेतली.

“आलं का काही?”

“नाही अजून. जेवत असेल. तू ठेव, पोरी. उशीर होईल.”

“होऊ दे,” वेनिंग म्हणाली. “मी थांबते.”